साहेबांचा चारा

मी सर्वात जास्त ऋणी आहे ती अण्णासाहेबांची. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही मुलगी उपकार विसरली. विसरले नाही. आमच्या घरात पहिली पदवी आली ती त्यांच्यामुळे. आणि माझ्या बापाला दातात जाळं धरून उभं केलं, तेही त्यांनीच.

रविवारची सकाळ. जबलपूरच्या बाहेर, नर्मदेच्या धरणाचं पाणी जिथं आमच्या कसब्याला टेकतं, तो काठ. अण्णासाहेबांकडे नागपूरचे आणि पुण्याचे पाहुणे आले होते. घडीच्या खुर्च्या होत्या, थर्मास होते, दोरा गुंडाळायची चाकं लावलेले महागडे गळ होते. मोठा मासा गळाला लागायचा तर काट्याला जिवंत बारीक मासळी लावावी लागते. ती बारीक मासळी पकडायला माझे बाबा होते.

फेकजाळं गोल असतं. काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात. फेकणारा थोडं जाळं कोपरावर घेतो, थोडं हातात, आणि काठाचा एक पदर दातात धरतो. जाळं हातातून सुटलं की त्याच क्षणी दात सोडायचे. तरच ते पाण्यावर ताटासारखं गोल पडतं.

बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. पदर दातात धरला, अंग वळवलं, आणि एक पाहुणे ओरडले.

"अरे थांब, थांब! तसाच थांब. फोटो काढू दे."

बाबा थांबले.

"मान जरा वर. हां. दात दिसू देत."

एक बाई खुर्चीतून म्हणाल्या, "आमचा टायगर अगदी असाच चप्पल धरतो तोंडात!"

सगळे हसले. पाण्याजवळ हसण्याचा आवाज फार लांब जातो. अण्णासाहेबही हसले. मोबाईल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला, पुन्हा फोटो झाले. बाबा तसेच वळलेल्या कमरेने उभे. ओल्या जाळ्याचं वजन कोपरावर. पाणी थंड. बोलता येत नव्हतं, कारण तोंडात जाळं होतं. नुसते डोळ्यांनी हसायचा प्रयत्न करत होते.

मी काठावर लाल बादली धरून उभी होते. मी बी.ए. आहे.

अण्णासाहेब कोण, ते सांगते. त्यांचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, आता चार पिढ्या साहेब. ते सिंचन खात्यात इंजिनीयर होते, आमच्या कसब्यातल्या कॉलनीत राहायचे. आम्ही ढिवर, मासे धरणारे. माझे आजोबा भंडाऱ्याकडून धरणाच्या मजुरीवर आले, पाणी भरलं, आणि पाण्यावरच राहिले. दोन्ही घरांत मराठी बोलत, पण ती एक मराठी नव्हती. आई त्यांच्याकडे भांडी घासायची. मी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचा प्रयत्न करायची. अण्णासाहेबांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मला घेऊन बसू लागले.

त्यांनी मला वाचायला शिकवलं. शाळेत हिंदी होती, मराठी त्यांनी दिली. मी "करून राहिली" म्हणाले की ते म्हणायचे, "करते आहे, म्हण." मी "का" ऐवजी "काहून" म्हणाले की ते कानाला हात लावायचे. एकदा मी म्हणाले, बाबा तुमच्यासाठी चारा धरायला गेले. ते खूप हसले. "चारा गुरांना असतो, बाळ. माशांना आमिष." घरी येऊन मी आईला म्हणाले, आमिष म्हण. आई म्हणाली, "मासोळीले समजते का वं, चारा हाय का आमिष?"

त्यांच्या घरी कुणी आलं की मला पुढे बोलावत. "वाच गं काहीतरी. ढिवराची पोर आहे, पण उच्चार बघा!" मी वाचायची. लोक वा वा करायचे. मला ती शाबासकी वाटायची. कॉलेज संपेपर्यंत वाटायची. माझा प्रवेश त्यांच्या शब्दावर झाला, शहरातल्या विजय नगरच्या कोचिंग क्लासमधली नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली. मी कांचघरला एक खोली घेऊन राहायला लागले. आमच्या वस्तीतली पोरगी शहरात खुर्चीवर बसते, याचा बाबांना एवढा अभिमान की ते ओळख नसलेल्या माणसालाही सांगायचे.

म्हणून बाबा अण्णासाहेबांसाठी मासळी धरायचे. कधी काही घेतलं नाही. कसं घेणार? धंद्याचं जाळं वेगळं होतं, मोठ्या आसाचं, म्हणजे त्याच्या विणीतल्या घरांतून लहान मासा निसटून जातो. अण्णासाहेबांसाठी त्यांनी बारीक आसाचं दुसरं जाळं विणलं होतं. अण्णासाहेबांनीच सांगितलं होतं, "माझ्या आमिषाला एक बारीक करून ठेव." तशा जाळ्याचा आम्हाला दुसरा काही उपयोग नव्हता. तेवढी लहान मासळी बाजारात कुणी घेत नाही.

त्या रविवारी मलाही बोलावलं होतं. "पाहुण्यांना भेट. त्यांना मी तुझ्याबद्दल सांगितलंय."

फोटो झाले. बाबांनी जाळं टाकलं. ते नीट उघडलं नाही, पण मासळी आली. बादलीत बोटाएवढी चांदीच्या रंगाची मासळी वळवळायला लागली. तेवढ्यात मत्स्य खात्याची तपासणीची नाव आली. त्यातून निरीक्षक उतरले आणि त्यांच्याबरोबर दोन शिपाई. बाबांच्या हातात बारीक जाळं. तशा जाळ्याला बंदी आहे, आणि लपवायला जागा नव्हती.

"किसके लिए डाल रहे हो?" निरीक्षकांनी विचारलं.

बाबांनी अण्णासाहेबांकडे पाहिलं. मग सरळ सांगितलं, "साहब के चारे के वास्ते."

अण्णासाहेब खुर्चीतून उठलेही नाहीत. मोठ्याने म्हणाले, "चारा? क्यों भाई, हम बैल हैं क्या?"

जो हशा पिकला! निरीक्षक हसले. शिपाई हसले. टायगरवाल्या बाई तर पोट धरून हसल्या. त्या हशात बाबांचं वाक्य बुडालं. ते खरं वाक्य होतं. तेवढं एकच खरं वाक्य त्या काठावर कुणी बोललं होतं, आणि त्याचा विनोद झाला.

बाबा पुन्हा म्हणाले, "नहीं साहब, मतलब काँटे का..."

"ओळखतो मी याला," अण्णासाहेब निरीक्षकांना हिंदीत सांगू लागले. "गरीब आहे. विकायला धरत असेल. आम्ही तर गळवाले. आमचं परमिट हे घ्या."

विकायला. हा शब्द त्यांनी सहज टाकला.

निरीक्षकांनी विचारलं, जाळं टाकताना कुणी पाहिलं का. फोटो काढणारे पाहुणे उत्साहाने पुढे आले. "हे बघा ना, फोटोच आहे." मोबाईल पुढे धरला. फोटोत बाबा एकटे. दातात जाळं. मागे पाणी. खुर्च्या नाहीत, गळ नाहीत, अण्णासाहेब नाहीत. गंमत म्हणून काढलेला फोटो पुरावा झाला. निरीक्षकांनी तो स्वतःच्या मोबाईलवर मागवून घेतला.

काठावर नियमांचा पत्र्याचा फलक आहे. निरीक्षक बाबांना म्हणाले, "पढ़ो, क्या लिखा है."

बाबा खाली बघत राहिले.

"पढ़ना नहीं आता?"

तेव्हा अण्णासाहेब माझ्याकडे वळले. आवाज तसाच, ओट्यावर शिकवायचे तेव्हाचा. प्रेमळ.

"वाच गं, बाळ. तू शिकलेली आहेस. बापाला कळू दे. स्पष्ट वाच."

मी वाचायला लागले. का लागले? कारण ते वाच म्हणाले की मी वाचते. लहानपणापासून तसंच होतं. पाहुणे ऐकायला वळले. मी माझ्या बापासमोर, माझ्या बापाचा गुन्हा, स्वच्छ उच्चारात वाचत होते. बंदीच्या काळात कोणतंही जाळं टाकायचं नाही. बारीक आसाचं फेकजाळं बाळगायचं नाही, टाकायचं नाही. प्रत्येक वाक्याला बाबांची मान आणखी खाली. एक पाहुणे हळूच म्हणाले, "खरंच, उच्चार काय सुंदर आहेत हो हिचे."

मग तिसरा नियम आला. गळाचा परमिटधारी आपल्या गळाच्या चाऱ्यापुरती बारीक मासळी फेकजाळ्याने स्वतः पकडू शकेल. "चारे हेतु." फलकावर तोच शब्द होता. बाबांचा शब्द. सरकारनेही चाराच लिहिलं होतं.

"बस, पुरे," अण्णासाहेब म्हणाले. "कळलं त्याला."

वाक्य संपलं नव्हतं. खाली आणखी एक ओळ होती. मला ती दिसत होती. त्यांनाही दिसत असणार, त्यांनीच तर मला ओळ संपल्याशिवाय थांबायचं नाही असं शिकवलं होतं.

"पुरे म्हटलं ना."

मी वाचलं. मोठ्याने. "किसी अन्य से पकड़वाने पर परमिटधारी भी समान रूप से दोषी होगा।"

दुसऱ्याकडून पकडून घेतली, तर परमिटवालाही तेवढाच दोषी.

कुणी हसलं नाही. मी निरीक्षकांना सांगितलं की हे जाळं यांच्या सांगण्यावरून विणलंय, ही मासळी यांच्या गळासाठी आहे, ही बादली यांच्या गाडीतून आली आहे. मी हे बोलताना माझी मराठी, माझी हिंदी, सगळी एकात एक मिसळली. उच्चार बिघडले. मला त्याची लाज वाटली नाही.

आता इथं काही बदललं असेल, असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. निरीक्षकांनी अण्णासाहेबांकडे पाहिलं, परमिटाकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं. मग शिपायाला म्हणाले, "जाल उठाओ." बारीक जाळं उचललं. काठाला लावलेल्या बाबांच्या डोंग्यात, लहान होडीत, धंद्याचं मोठ्या आसाचं जाळं होतं. नियमातलं. तेही उचललं. पंचनाम्यात लिहिलं, विक्रीच्या हेतूने. पंच म्हणून सही करायला मला सांगितलं.

"मी करणार नाही."

"मत करो," निरीक्षक म्हणाले. दोन पाहुण्यांनी सह्या केल्या. सुंदर पेन होतं त्यांच्याकडे.

नाव गेली. मी आणि बाबा चढ चढून रस्त्याला लागलो. वरून मागे वळून पाहिलं. पाहुणे गळ टाकून बसले होते. लाल बादली खुर्च्यांच्या मधे ठेवलेली. ती कुणी जप्त केली नव्हती. टायगरवाल्या बाई त्यातला एक मासा काट्याला लावून घेत होत्या.

घरी बाबा पहिलं वाक्य बोलले ते हे.

"काहून वाचलं वं पुढचं?"

"खरं होतं म्हणून."

"खरं!" बाबा म्हणाले. "तुले नोकरी त्यायनं लावली. मले मच्छीमार समितीचं कार्ड त्यायच्या फोननं भेटलं. आता समितीवाला म्हणून राहिला, केस निपटेपर्यंत कार्ड बंद. कार्ड नाही तं पाण्यात उतरायचं नाही. खरं घेऊन काय करू मी? रस्सा करू त्याचा?"

 

काही दिवसांनी ते मला विजय नगरला घेऊन गेले. अण्णासाहेबांनी निवृत्तीनंतर बांधलेल्या बंगल्यात. बाबांनी चपला फाटकाबाहेर काढल्या. आत जाऊन ते अण्णासाहेबांच्या पाया पडले. अण्णासाहेबांनी त्यांना उठवलं, बसायला सांगितलं. बाबा खाली बसले. मी खुर्चीवर बसले. आधीही मी तिथं खुर्चीवरच बसायची. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की आम्ही बापलेक एकाच खोलीत दोन उंचीवर बसलोय, आणि हे किती वर्षं असं चाललंय.

चहा आला. मला कपबशी. बाबांना स्टीलचा पेला. हाही मी नेहमी पाहिलेला पेला.

अण्णासाहेब रागावले नव्हते. हे सांगायला हवं. त्यांना वाईट वाटलं होतं, खरोखर वाईट. म्हणाले, "अगं, वाचायला आम्हीच शिकवलं ना तुला? मग चारचौघांत आमच्यावरच?"

मी कपबशी खाली ठेवली.

"झालं ते झालं. तुझा जबाब घ्यायचा आहे मत्स्य खात्याला. एवढंच सांग की बाप विकायला मासळी धरत होता, चुकलं. किरकोळ दंड होईल, तो मी भरतो. कार्ड सुरू होईल. मी बोललोय."

"विकायला नव्हते धरत."

"अगं, एक शब्द आहे तो. शब्दाला काय धरून बसतेस?"

शब्दाला! ज्या माणसाने मला काहून म्हणू दिलं नाही, राहिली म्हणू दिलं नाही, चारा म्हणू दिला नाही, तो मला म्हणत होता, शब्दाला काय धरून बसतेस.

बाबा खालून म्हणाले, "पोरगी सांगन ना साहेब. लहान हाय. सांगन ते."

तेव्हा मला माझ्या शिक्षणाची किंमत कळली. मला शिकवलं ते मी पुढ्यात उभं राहून वाचावं म्हणून. जिथं पुरे म्हणतील तिथं थांबावं म्हणून. माझी सही कधी लागली, तर ती माझ्या बापाच्या विरुद्ध लागावी म्हणून. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. ठरवायची त्यांना गरजच पडली नाही. ते आपोआप तसं होतं, एवढं जुनं आहे ते.

मी उठले. म्हणाले, "चला बाबा."

बाबा उठले नाहीत. मी एकटी बाहेर आले. फाटकाशी त्यांच्या चपला होत्या.  मग बस पकडली.

महिना भरायच्या आत कोचिंग क्लासने मला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही. कांचघरची खोली सोडून मी घरी परतले. आता मी कमानिया गेटजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात उभी असते. बाबा क्रशरवर खडी भरतात. ज्या माणसाने जन्मभर ओल्यात काम केलं, त्याच्या पापण्यांवर आता पांढरी धूळ. जाळ्यांबद्दल विचारायला गेले, तर शिपाई म्हणाला, कापून टाकली. दोन्ही? दोन्ही. बाबांनी ते ऐकलं आणि फक्त मान हलवली. माझ्याशी ते कामापुरतं बोलतात.

मी आईला विचारलं, काय करू. आई पोळ्या करत होती. म्हणाली, "सांग नाहीतं नको सांगू. जाळं तं गेलंच. पण तुह्या बापाले चोर म्हणाचं असन तं दुसऱ्यानं म्हणावं. आपल्या घरातून ते निघालं नाही पाहिजे." आणि तव्यावरची पोळी उलटली.

एवढंच. तिने आशीर्वाद वगैरे काही दिला नाही.

मला माहीत आहे की मी खरं सांगितलं तर केस लांबेल. केस लांबली तर कार्ड बंद राहील. बाबा खडीच भरतील. त्यांनी मला हे करायला सांगितलेलं नाही, उलट नको म्हणतात. ही त्यांची भाकरी आहे, माझी नाही, हेही मला कळतं. रात्रंदिवस कळतं. अण्णासाहेबांचं काही वाकडं होणार नाही, हेही कळतं. तरी माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही. माझा बाप विकत नव्हता. तो उपकार फेडत होता. आयुष्यभर.

जबाबाच्या आधी मी अण्णासाहेबांना पत्र लिहिलं. फोन केला असता तर त्यांचा आवाज ऐकून मी पुन्हा लहान झाले असते. ते पत्र असं.

आदरणीय अण्णासाहेब,

सा. न.

तुम्ही मला शिकवलं. हे मी कुठेही, कुणासमोरही नाकारणार नाही. तुमच्याशिवाय मला हे पत्र लिहिता आलं नसतं.

येत्या सोमवारी मत्स्य खात्याच्या कचेरीत माझा जबाब आहे. मी सांगणार आहे की त्या दिवशी बाबा तुमच्या गळासाठी मासळी धरत होते. जाळं तुम्ही विणायला सांगितलं होतं. बादली तुमची होती, आणि आम्ही गेल्यावर त्यातली मासळी तुमच्या पाहुण्यांनी गळाला लावली. मी तुमचं पूर्ण नाव सांगणार आहे आणि त्याखाली माझी सही करणार आहे.

बाबांना यातलं काही नको आहे. ते अजूनही तुम्हाला देव मानतात. हे मी त्यांच्या वतीने करत नाही. माझ्या वतीने करते. त्यांचं कार्ड बंदच राहिलं तर त्याचा दोष माझा असेल, आणि तो घेऊन मी त्यांच्याच घरात राहीन.

दंड तुम्ही भरू नका. आमच्या घरातल्या कुणासाठी आता कुणाशी बोलू नका.

तुम्हाला माझ्याबद्दल जे म्हणायचं असेल, कृतघ्न म्हणायचं असेल, तर ते पत्राने कळवू नका. सोमवारी तिथं या आणि सगळ्यांसमोर म्हणा. मी ऐकून घेईन, आणि मग माझा जबाब देईन.